तक्त्यात विद्यापीठे आहेत, मुलगी कुठे आहे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. बारावीतल्या मुलीला रटगर्स या सरकारी विद्यापीठात आणि एका नामांकित खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तिने फेडरल अपील न्यायालयाची न्यायाधीश व्हावे, अशी माझी इच्छा आहे. कोणत्या विद्यापीठाचे किती माजी विद्यार्थी या पदावर पोहोचले, याचा तक्ता मी केला. त्यात खासगी विद्यापीठ बरेच पुढे आहे. घरावर दुसरे कर्ज काढावे का? शाळेच्या मॉक ट्रायलमध्ये, म्हणजे खटल्याच्या नकली सुनावणीत, ती वकिलाऐवजी साक्षीदाराची भूमिका घेते, याचीही काळजी वाटते. – एक पालक

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले. मुलीला स्वतःला काय व्हायचे आहे, याविषयी त्यात एक शब्दही नाही आणि मला कर्जापेक्षा याचीच अधिक काळजी वाटते. साक्षीदाराची भूमिका तुम्हाला दुय्यम वाटते. परंतु दिलेला जबाब पाठ करून, पुढचा प्रश्न ठाऊक नसताना उलटतपासणीत न डगमगता उभे राहणे, हे सतरा वर्षांच्या मुलीसाठी सोपे काम नव्हे. तिला त्यात काय आवडते, हे तुम्ही कधी विचारले आहे का? कदाचित तिला कायदा नव्हे, रंगमंच खुणावत असेल.

आता तुमच्या तक्त्याविषयी. विद्यापीठ न्यायाधीश घडवते, हा समज चुकीचा आहे. या पदासाठी परीक्षा नाही आणि अर्ज करून रांगेत उभे राहण्याचीही सोय नाही. जागा रिकामी व्हावी लागते, राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवावे लागते आणि सिनेटने ते मंजूर करावे लागते. साऱ्या देशात अशा जागा अवघ्या १७९ आहेत. तुमच्याच राज्यातील फेडरल खटल्यांची अपिले ऐकणाऱ्या थर्ड सर्किट या अपील न्यायालयाच्या न्यायाधीश पॅटी श्वार्ट्झ यांनी १९८३ मध्ये पदवी घेतली ती रटगर्समधूनच. कायद्याचे शिक्षण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाले आणि अपील न्यायालयात त्या आल्या २०१३ मध्ये. रूपाली देसाई यांनी पदवी, सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी आणि कायदा, हे सारे अ‍ॅरिझोनाच्या सरकारी विद्यापीठात केले, अनेक वर्षे वकिली केली आणि २०२२ मध्ये त्या नाइन्थ सर्किट या दुसऱ्या फेडरल अपील न्यायालयावर गेल्या. मधल्या वर्षांतील काम तुमच्या तक्त्यात दिसत नाही, आणि त्याच वर्गांतून बाहेर पडून न्यायाधीश न झालेले हजारो विद्यार्थीही दिसत नाहीत.

कर्ज काढू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉ स्कूलची तीन वर्षे पदवीनंतर येतात, त्यासाठी पदवीचा विषय कोणताही चालतो, एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा पदवीचे शिक्षण चालू असतानाही देता येते, आणि खरा मोठा खर्च लॉ स्कूलच्या वेळी समोर उभा राहतो.

अपील न्यायालयात साक्षीदार येतच नाहीत. बहुधा तीन न्यायाधीश खालच्या न्यायालयाचे कागद वाचून येतात आणि वकिलांना प्रश्न विचारतात. थर्ड सर्किटचे कामकाज फिलाडेल्फियात चालते आणि ते पाहण्यास सर्वांना मुभा असते. तिची इच्छा असेल तर एक दिवस तिला घेऊन जा. सुनावणी चालू असताना काही समजावू नका आणि परतीच्या वाटेवरही आधी तिला बोलू द्या. प्रवेश निश्चित करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते. तोपर्यंत हा तक्ता बाजूला ठेवा आणि कोणत्या विद्यापीठाला होकार कळवायचा, ते तिला ठरवू द्या.