परवानगीचा अर्ज पाठवण्यापूर्वी

गोव्यातील दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरून परदेशी निघणाऱ्या विमानांची कागदपत्रे आता तुमच्या टेबलावर येतील, म्हणून अनुभवाचे थोडे सांगतो. १९४४ च्या शिकागो कराराच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या कराराच्या) तिसऱ्या कलमानुसार लष्करी विमानाला दुसऱ्या देशाच्या हद्दीत त्याच्या संमतीशिवाय शिरता येत नाही, आणि ही संमती राजनैतिक मार्गाने, म्हणजे तेथील आपल्या दूतावासामार्फत मागावी लागते. म्हणून दूतावासातील संरक्षण अटॅशेला, म्हणजे तेथे नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्याला, मसुदा आधीच दाखवावा. विमानाचा प्रकार, कॉलसाइन (रेडिओवर विमान ओळखण्याचे नाव), कर्मचारीसंख्या, हद्दीत शिरण्याचे व बाहेर पडण्याचे बिंदू आणि विशेषतः स्फोटक माल असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख हवाच.

वेळा मात्र यूटीसीतच, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेतच, लिहाव्यात. मी एकदा भारतीय वेळेचे ०९०० तसेच लिहून बसलो आणि सकाळी नऊला सुटायचे विमान दुपारी अडीचपर्यंत धावपट्टीशेजारी तापत उभे राहिले. वैमानिकाने मला काय ऐकवले ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्या देशाच्या सुट्ट्याही पाहाव्यात: उदाहरणार्थ, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे गुरुवारी दुपारी पाठवलेली विनंती रविवारपर्यंत पडून राहण्याचीच शक्यता अधिक. ऐनवेळी विमान बदलले, तर जुन्या पत्रावर विमानाचा क्रमांक न खोडता सुधारित विनंती पाठवावी.