गोळी बंद करू का?

प्रश्न : मी २८ वर्षांची, सातपूरला राहते. चिंता आणि उदासीनतेसाठी सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम चालू होती, छान बरं वाटत होतं. आता गरोदरपणाचा सातवा आठवडा आहे. मेडिकलवाला म्हणाला, "डोक्याच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं." सासूबाईंनीही तेच लावून धरलं, म्हणून गोळी एकदम बंद केली. आता चक्कर येते, झोप लागत नाही, सारखं रडू येतं. बाळाला काही झालं असेल का?

उत्तर : ताई, आधी बाळाचं. कुठलंही औषध न घेणाऱ्या शंभर बायकांतही दोन-तीन बाळांना जन्मजात दोष असतो. सर्ट्रालिनमुळे हा आकडा फारसा वाढत नाही, असंच मोठ्या पाहण्यांत दिसलंय. मेडिकलवाल्याच्या डोक्यात बहुधा व्हॅल्प्रोएट असावं. फिट्स आणि बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) यांसाठीच्या त्या गोळीने शंभरांत साधारण दहा बाळांना व्यंग येतं, पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. ती चालू असणाऱ्यांनी गरोदरपणाचा विचार मनात येताच डॉक्टरांना गाठावं. तीही मनानं बंद करायची नाही. पण तिचं पाप तुमच्या गोळीच्या माथी कशाला?

चक्कर आणि रडू बहुतेक गोळी एकदम तोडल्यामुळे आहे. आजच तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा; गोळी कशी आणि किती सुरू करायची ते त्यांना ठरवू द्या. निफाड-सिन्नरकडून माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये हेच बघते : गोळी सुटते, मग जेवण सुटतं, लोह-कॅल्शियम डब्यातच राहतं, तपासणीची तारीख चुकते. हे सगळं बाळापर्यंत पोचतंच. त्याची काळजी मात्र घरात कुणी करत नाही!

फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. शेवटपर्यंत गोळी चालली तर बाळ जन्मल्यावर थोडं किरकिरं, थरथरतं असू शकतं. बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं, पण बालरोगतज्ज्ञांना आधी सांगून ठेवा. अंगावरच्या दुधात ही गोळी फार थोडी उतरते, त्यामुळे पाजायला सहसा हरकत नसते. "झाडपाल्याचं आहे, त्रास नाही" म्हणून कुणी काढा दिला तर तो घेऊ नका. त्यात काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या. आणि मध्यरात्री जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट बघू नका : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.