पेट्रोलचा दिवा लागल्यावर हायब्रिड गाडी किती जाईल? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

लग्नसराई सुरू झाली की या सदराकडे एकाच विषयाची पत्रे येऊ लागतात. प्रत्येकाने कोणाकडून तरी ऐकलेले असते की हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, पेट्रोल संपल्यावरही थांबत नाही. यंदा अशी पत्रे इतकी आली की त्यांची उत्तरे एकत्र देणेच बरे.

प्रश्न : इंधनाचा पिवळा दिवा लागल्यानंतर माझी हायब्रिड गाडी नेमकी किती किलोमीटर जाईल? मित्र सांगतो की दीडशे कोठे गेले नाहीत. (वाचक, पुसद)

नेमका आकडा कोणीही सांगू शकणार नाही. जो सांगतो त्याने आपली टाकी उघडून पाहिलेली नसते. बहुतेक गाड्यांत टाकीचा साधारण सातवा-आठवा हिस्सा उरला की दिवा लागतो. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या हायब्रिड गाड्यांची टाकी 45 लिटरची धरली, तर तळाशी सहा लिटरांच्या आसपास पेट्रोल असते. मित्राने या सहा लिटरांना कंपनीच्या जाहिरातीतल्या लिटरला 27.97 किलोमीटर या आकड्याने गुणले असावे. तो आकडा चाचणी केंद्रातला आहे. मे महिन्यातले ऊन, चालू एसी, मागे बसलेली तीन माणसे आणि डिकीतले आहेराचे सामान यांचा त्यात हिशेब नाही. रस्त्यावर वीस पडले तरी समाधान मानावे. शिवाय टाकीतला शेवटचा लिटर-दीड लिटर चढावर किंवा वळणावर टाकीतल्या इंधन पंपाच्या तोंडापासून दूर सरकतो, तोही हिशेबातून वगळावा. म्हणून माझा सल्ला एवढाच की दिवा लागला की पन्नास किलोमीटर हीच आपली हद्द समजावी, आणि तीही सपाट रस्त्यावर. आपल्या गाडीसाठी दिवा किती लिटरांवर लागतो हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावे. तेथे सापडले नाही तर सर्व्हिस सेंटरला विचारावे.

दिवा लागला की गाडी "रिझर्व्ह"वर आली असे आपण म्हणतो. हा शब्द आपल्याकडे फटफटीवरून आला. जुन्या मोटारसायकलला खरोखरच रिझर्व्हचा कॉक असे, आणि तो फिरवला की खालचे वेगळे राखलेले पेट्रोल मिळे. मोटारीत असे काही राखून ठेवलेले नसते. दिवा लागला म्हणजे टाकी संपत आली, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : माझ्या गाडीच्या मागे "स्मार्ट हायब्रिड" असे लिहिले आहे. ती विजेवर किती चालेल? (वाचक, वरुड)

एक मीटरही नाही. तिच्यातील छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण गाडी ओढू शकत नाही. खऱ्या हायब्रिडची मोटर थोडे अंतर तरी गाडी ओढते. विकताना हा फरक सांगितला जात नाही आणि ग्राहक विचारत नाही.

प्रश्न : आमची खरी, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड आहे. परतवाड्याहून धारणीला जाताना पेट्रोल संपलेच, तर बॅटरीवर पुढच्या गावापर्यंत पोहोचता येईल ना? विक्रेत्याने तसे सांगितले होते. (वाचक, धारणी)

नाही. हे उत्तर मात्र मी विस्ताराने देतो, कारण या एका गैरसमजापायी मी सुस्थितीतल्या गाड्या जंगलात उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत.

बॅटरी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रिक गाडी येते. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या मध्यम आकाराच्या हायब्रिड एसयूव्हीची बॅटरी 0.76 किलोवॅट-तासाची असते. वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. त्यातलाही मधला हिस्साच संगणक वापरू देतो, कारण पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली बॅटरी लवकर खराब होते. सपाट रस्त्यावर, सावकाश आणि एसी बंद ठेवून चालवली, तरी एवढ्या विजेवर तीन-चार किलोमीटर झाले तर खूप झाले. घाटाचा हिशेब तर आणखी सोपा आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना गाडी सुमारे 700 मीटर वर चढते. माणसांसह दीड टनाची गाडी एवढी वर उचलायलाच जवळजवळ 2.9 युनिट ऊर्जा लागते. रस्त्याचे घर्षण आणि हवेचा अडथळा वेगळा. बॅटरीचा शेवटचा थेंब वापरला तरी पाव घाट चढून होईल. ही बॅटरी मुक्कामाला पोहोचवण्यासाठी बसवलेलीच नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि पुढच्या वेळी इंजिनाचा भार हलका करायचा, एवढेच तिचे काम आहे.

आता खरा धोका. साध्या पेट्रोल गाडीत इंधन संपत आले की इंजिन झटके देते आणि चालकाला कळते. हायब्रिडमध्ये इंजिन एरवीही मधूनमधून बंद होत असते. त्यामुळे पेट्रोल संपून ते बंद पडले तरी गाडी मुकाट्याने बॅटरीवर पुढे जात राहते, आणि चालकाला वाटते की अजून सगळे ठीक आहे. पडद्यावर इशारा येतो. तो वाचण्याऐवजी "बॅटरी आहे ना" म्हणून लोक गाडी रेटतात. अशा बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू करायला वेगळा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवण्याचे कामही हीच मोठी बॅटरी करते. तिला पूर्ण पिळून काढल्यावर कोणी दुचाकीवरून पेट्रोल आणून दिले तरी इंजिन फिरणार कशाने? शेजारच्या जीपवरून केबल लावून बारा व्होल्टची बॅटरी जिवंत करता येते, मोठी बॅटरी नाही. मग गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावीच लागते.

तेथेही घाई घात करते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून, चारही चाके जमिनीवर ठेवून, कित्येक किलोमीटर ओढून आणलेली मी पाहिली. पुढची चाके फिरली की त्यांच्याशी जोडलेली मोटरही फिरते आणि वीज तयार करते. त्यातून होणारे नुकसान टाकीभर पेट्रोलच्या कितीतरी पट असते. गाडी सपाट पाटाच्या वाहनावर चढवूनच न्यावी, निदान पुढची चाके उचललेली असावीत.

म्हणून पेट्रोल संपल्याचा इशारा दिसताच रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा पाहून थांबावे, गाडी पूर्ण बंद करावी आणि उरलेली वीज इंजिन सुरू करण्यासाठी राखून ठेवावी. सारखे बटण दाबून पाहू नये. पेट्रोल भरताना एक-दोन लिटरने भागवू नये. किमान किती भरावे हे पुस्तिकेत दिलेले असते, आणि चढावर उभी असेल तर त्याहून अधिक लागते. धारणीच्या रस्त्यावर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. परतवाड्यालाच टाकी भरून निघावे. विक्रेत्याचे म्हणणे त्याच्याकडून लेखी मागून पाहा. तो देणार नाही.

प्रश्न : ईव्ही असे लिहिलेले बटण दाबून ठेवले तर पेट्रोल वाचेल का? (वाचक, आर्वी)

वाचणार नाही. वापरलेली वीज नंतर इंजिनालाच पेट्रोल जाळून भरून काढावी लागते. पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता अंगणातून निघायला ते बटण चांगले आहे.

प्रश्न : चिखलदऱ्याहून उतरताना पडद्यावरचा उरलेल्या किलोमीटरचा आकडा वाढत गेला आणि अमरावतीकडे येताना झपाट्याने घसरला. मीटर बिघडले आहे का? (वाचक, अमरावती जिल्हा)

मीटर बहुधा ठीक आहे. तो आकडा मागच्या काही अंतरातल्या सरासरीवरून काढलेला अंदाज असतो. उतारावर इंजिन जवळजवळ पेट्रोल घेत नाही, म्हणून संगणकाला वाटते की पुढेही असेच चालणार. सपाटीवर आल्यावर त्याला सत्य उमगते. समृद्धी महामार्गावर ताशी 120 च्या वेगाने जाणाऱ्यांचाही असाच भ्रमनिरास होतो, कारण हायब्रिडची बचत गावातल्या थांबत-चालत जाण्यात असते, एकसारख्या वेगात नव्हे. घाट किंवा महामार्ग पुढे असेल तर त्या आकड्याचा निम्माच खरा धरावा. सपाट रस्त्यावरही तो उड्या मारत असेल तर मात्र दाखवून घ्यावे.

प्रश्न : मायलेज वाढवणारे एक छोटे यंत्र मिळते. ते डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावले तर दिवा लागल्यावर गाडी जास्त जाईल का? (वाचक, उमरेड)

त्या यंत्राचाही एक दिवाच लागतो, बाकी काही होत नाही. तो सॉकेट गाडीच्या संगणकाचा आहे. भलतेसलते काही त्यात खुपसू नये. वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळते. मायलेज वाढवते म्हणून टाकीत ओतायला मिळणाऱ्या द्रवाच्या बाटल्यांबद्दलही सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय काही करू नये.

प्रश्न : जवळ असावे म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत दोन लिटर पेट्रोल ठेवले तर चालेल का? (वाचक, आलापल्ली)

चालणार नाही. पंपाने ते बाटलीत देणेच नियमाबाहेर आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत पेट्रोलची बाटली म्हणजे आगीला आमंत्रण. सिरोंच्याकडे निघताना आलापल्लीलाच टाकी भरावी.

प्रश्न : वीस लिटर भरले तरी दिवा विझत नाही. दोन महिने झाले. काय करावे? (वाचक, मेहकर)

दोन महिने का थांबलात? टाकीतला तरंगता गोळा अडकला असेल, सेन्सर गेला असेल किंवा जोडणीत दोष असेल. पत्रावरून ते सांगता येत नाही. गाडी याच आठवड्यात दाखवा. तोवर काट्यावर विसंबू नका, दर वेळी टाकी पूर्ण भरा, ट्रिप मीटरवरचा किलोमीटरचा आकडा शून्यावर आणा आणि तीनशे झाले की पुन्हा पंपावर जा.