"यांचा स्वभावच तसा आहे"

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली होती मुलासाठी. मुलगा चौदा वर्षांचा. दोन वर्षांत गुण निम्म्यावर आलेले, घरात कुणाशी धड बोलणं नाही. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) घरी कोण कोण असतं, असं विचारलं तर म्हणाली, "सासूबाई, हे आणि आम्ही दोघं." 'हे' म्हणताना तिचा आवाज खाली गेला.

मुलगा माझ्याशी एकटा बोलला तेव्हा उलगडा झाला. तो मित्रांना घरी आणत नाही, कारण बाबा दिवसदिवस अंधाऱ्या खोलीत पडून असतात. आजी देवाचं म्हणायचं तेही मनातल्या मनात म्हणते. आईने बढती नाकारली, कारण घरी उशिरा येणं परवडणारं नव्हतं. नातेवाईक येईनासे झाले, मग यांनीही जाणं सोडलं. सहा वर्षांत सगळं घर त्या एका खोलीभोवती वाकलं होतं आणि कुणीही 'आजार' हा शब्द उच्चारला नव्हता.

तिने विचारलं ते मला जवळजवळ दर आठवड्याला कुणीतरी विचारतं: "मॅडम, यांचा स्वभावच तसा आहे. आणि आजार असलाच, तर आपोआप बरा नाही का होणार?"

मी विचारलं, लग्न झालं तेव्हा कसे होते? ती पहिल्यांदा हसली. गप्पिष्ट होते, झाडांचं वेड होतं. आता कुंड्या वाळून गेल्या तरी लक्ष नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण तुटलंय, दोन नोकऱ्या गेल्या. स्वभाव असा मधेच बदलत नाही, ही लक्षणं नैराश्याची वाटत होती. नैराश्याचा झटका काही जणांमध्ये काही महिन्यांनी आपोआप ओसरतो, हे खरं. पण तो परत येऊ शकतो, आणि ओसरण्याची वाट पाहताना नोकरी, नाती, मुलांची वर्षं निघून जातात ती परत येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ९७ कोटी लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता, म्हणजे दर आठांमागे एकाला. नैराश्य आणि चिंताविकारांमुळे वर्षाला सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. या हिशेबात तिचा नवरा एक धरला जातो. तिने नाकारलेली बढती त्यात नाही, मुलाचे गुणही नाहीत. हे मला फार खटकतं.

मुलाच्या समुपदेशनात वडील हवेत, असा निरोप मी पाठवला आणि ते खरंच होतं. तिसऱ्या निरोपाला ते आले. त्यांना मी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात भलतं येईल, ही भीती निराधार आहे, उलट माणूस मोकळा होतो. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "रोज नाही." त्याच दिवशी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, बायकोला सोबत घेऊन. त्यांना एकटं ठेवू नका, घरातली औषधं-कीटकनाशकं आवरून ठेवा, असं तिला बजावलं. तिथे थायरॉइडचीही तपासणी झाली, कारण त्याच्या बिघाडानेही अशी मरगळ येते.

दहाव्या दिवशी त्यांनी गोळ्या बंद केल्या. काहीच फरक नाही, शिवाय सवय लागेल. मी समजावलं की नैराश्याच्या या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही. फक्त त्या डॉक्टरांना न विचारता एकदम सोडायच्या नसतात. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने घ्याव्या लागतात. पुन्हा सुरू केल्या. पाचव्या आठवड्यात सलग सहा तास झोप लागली, एवढंच ते म्हणाले. मला तेवढं पुरेसं होतं.

चार महिन्यांनी ती एकटीच आली. "ते आता बाजारात जातात, मुलाशी बोलतात," म्हणाली. "पण मॅडम, आता मलाच सारखं रडू येतं. असं का?"

दर बुधवारची वेळ मी तिच्या नावाने लिहून घेतली.