कॉमिक लेखकाने आपली येणारी पुस्तकं आणि कार्यक्रम कधी, कसे जाहीर करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सांगलीत राहून कॉमिक लिहिता, चित्रं दुसरा काढतो. वर्षभरात तीन कामं यायची आहेत. स्वखर्चाने काढलेलं ३२ पानी रंगीत कॉमिक, एका दिवाळी अंकात सहा पानांची कथा आणि बाहेरच्या प्रकाशकाकडे दिलेलं एक पुस्तक. ही कधी जाहीर करायची, आणि शाळा, वाचनालयं, कॉमिक कॉन (कॉमिकप्रेमींचा मेळावा) यांत हजेरी कशी लावायची?

तिन्हींची एकत्र घोषणा करू नका. दिवाळी अंकाची तारीख संपादकाच्या हातात असते, तिसऱ्या पुस्तकाची प्रकाशकाच्या. स्वतःच्या कॉमिकची तरी तुमच्या हातात असेल असं वाटतं, पण ती असते चित्रकाराच्या हातात. लेखकाचं लिहून झालं की त्याला पुस्तक झाल्यासारखं वाटतं आणि तो 'लवकरच येत आहे' टाकून मोकळा होतो. वाचक दोन महिने विचारतात, नंतर विचारायचे थांबतात. पुस्तक खरंच येतं तेव्हा त्यांना ते जुनं झालेलं वाटतं.

हिशेब मांडून बघा. नोकरी सांभाळून काढणारा चित्रकार पेन्सिल आणि शाई मिळून आठवड्याला दोन ते तीन पानं देतो. कथेची २८ पानं धरली तर दहा ते चौदा आठवडे. रंगाला आणखी तीन-चार, अक्षरं आणि मुद्रितशोधनाला दोन, छपाई-बांधणीला दोन ते तीन. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी चार ते सव्वापाच महिने. म्हणून नाव आणि एक चित्र तेव्हाच दाखवा, जेव्हा किमान दहा पानं शाईसकट तयार असतील. महिना सांगा रंग संपल्यावर. तारीख मात्र गठ्ठे घरात आल्यावरच. छापखान्याने दिलेल्या तारखेवर सभागृह ठरवू नका. लग्नसराईच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत तुमचं काम पत्रिका आणि पत्रकांच्या मागे जातं, कोणी कितीही ओळखीचा असला तरी.

उशीर सगळ्यात जास्त होतो तो अक्षरांपाशी, आणि त्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष असतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून रोमन लिपीच्या मापाने काढलेला फुगा मराठीला अपुरा पडतो. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या १३० ते १४० टक्के ठेवा. एका फुग्यात वीसच्या वर शब्द नकोत, एका चौकटीत तीनच्या वर फुगे नकोत. चित्रकाराला संवाद आधीच द्या, म्हणजे तो जागा सोडून चित्र काढेल. नंतर फुगे चिकटवले की नायकाचं डोकं झाकलं जातं आणि चित्रकाराचं डोकं फिरतं.

फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं सुटी पडत असतील, 'क्ष' ऐवजी 'क्‌ष' दिसत असेल, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. अक्षरजुळणीच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी पर्याय निवडा. मजकुराची भाषा मराठी ठेवा, नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. फॉन्ट हवेत तर कलम आणि बालू हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, छापायला पैसे लागत नाहीत. प्रूफ वाचताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' हे शब्द वेगळे शोधून बघा. 'ऱ्य'चा अर्धा र मोडून 'दुसर्या' झालेला असतो आणि तो पडद्यावर डोळ्याआड होतो. प्रूफ कागदावर छापूनच वाचा.

छापखान्यात फाइल देताना संवादांचा काळा रंग फक्त काळ्या प्लेटवर, म्हणजे १०० टक्के के, आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) ठेवा. चारही रंगांचा काळा दिलात तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षराभोवती लाल-निळी किनार दिसते आणि बारीक अनुस्वार भरून जातात. कडेला ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे चित्र कापायच्या रेघेच्या बाहेर तेवढं वाढवा. पिन बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवावी लागते आणि १६ पानांचा फॉर्मा (एका मोठ्या कागदातून निघणारी पानं) धरून हिशेब केला तर कागद वाया जात नाही, म्हणून ३२ हा आकडा सोयीचा. मुखपृष्ठ त्यावर वेगळं.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, कोणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या पोर्टलवर तो मोफत मिळतो. अर्ज चित्रं निम्मी झाली की करून टाका, कारण क्रमांक कधी चटकन मिळतो, कधी रेंगाळतो, आणि तो आल्याशिवाय मागचं मुखपृष्ठ पक्कं होत नाही.

दिवाळी अंकाचं वेगळं. संपादक पावसाळ्यातच पानं मागतात. ऑगस्ट संपता संपता तयार नसेल तर तुमची जागा जाहिरातीला जाते. आतली पानं बहुधा मॅपलिथोवर (साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर) काळी-पांढरी असतात, तेव्हा मुळातच रेषेचं चित्र करून घ्या. रंगीत पान करड्या छटेत उतरवलं की गाळ दिसतो. अंक स्टॉलवर येईपर्यंत एकही पान टाकू नका, फक्त अंकाचं नाव आणि 'सहा पानांची चित्रकथा' एवढंच. आणि पत्रात 'या अंकापुरता एकदाच छापण्याचा हक्क' हे शब्द लिहून घ्या.

तिसरं पुस्तक प्रकाशकाने जाहीर केल्याशिवाय तुम्ही बोलायचंच नाही, मुखपृष्ठ तर मुळीच दाखवायचं नाही. करारात मात्र मुदत आणि प्रदेश नीट बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत असं धरलं जातं. चित्रकाराशीही असाच एक पानाचा कागद करा. तुमचं बरं चाललंय तेव्हाच करा.

घोषणेत प्रत्येक कामापुढे एकच अवस्था लिहा: लिहून झालं, चित्रं चालू, छपाईला, मिळतंय. 'लवकरच' हा शब्द काढून टाका. चित्रकार, रंगकाम करणारा आणि अक्षरं बसवणारा यांची नावं दर वेळी, दर पोस्टमध्ये.

आता कार्यक्रम. सांगलीत पहिला विचार विष्णुदास भावे नाट्यमंदिराचा येतो. नको. साठ माणसं नाट्यगृहात बसली की रिकाम्या खुर्च्याच फोटोत येतात. वाचनालयाचं छोटं सभागृह घ्या, शनिवारी संध्याकाळी ५ ते ६.३०. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सत्कार, श्रीफळ यात तास गेला तर मुलं उठून जातात. एक जण प्रश्न विचारणारा, चित्रकार फळ्यावर काढणारा आणि तुम्ही, एवढं पुरे. बातमी दीडशे शब्दांत, मुखपृष्ठाच्या चांगल्या फोटोसह, चार दिवस आधी दैनिकांच्या सांगली आवृत्त्यांना. 'आजचे कार्यक्रम' या सदरासाठी आदल्या दिवशी दुपारी पुन्हा फोन.

जाहिरातीत वार, तारीख, वेळ, जागा आणि जवळची खूण, प्रवेश मोफत की नाही, पुस्तक तिथे मिळेल का आणि कितीला, एवढं हवं. 'उपस्थित राहणार' हे संयोजकाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय लिहू नका. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा हे उत्तर नव्हे.

जुलै-ऑगस्टमध्ये काही ठेवू नका. कृष्णेचं पाणी वाढलं की सगळं गाव आयर्विन पुलाकडे बघत असतं, कॉमिककडे कोण बघणार! त्या हवेत आणखी एक होतं. मुखपृष्ठाला बाहेरून लॅमिनेशन असतं, आतली बाजू उघडी असते. उघडी बाजू दमट हवेतलं पाणी शोषून पसरते, लॅमिनेशन पसरत नाही, म्हणून मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळतं आणि पुस्तक मिटत नाही. गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून, वर वजन ठेवून, जमिनीपासून उंच ठेवा. पुराचं पाणी येणाऱ्या भागात तळमजल्यावर तर नकोच.

शाळांसाठी सगळे २७ फेब्रुवारीच्या मागे लागतात. मराठी भाषा गौरव दिन एकच, शाळा शंभर. त्यापेक्षा १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा धरा, किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपासचे दिवस, फक्त सत्र परीक्षा कधी आहे ते आधी विचारून. डिसेंबर गॅदरिंगमध्ये जातो. मुख्याध्यापकांना दोन महिने आधी एक पानी पत्र कागदावर द्या: पाचवी ते आठवी, साठपर्यंत मुलं, एक तास, फळा आणि खडू. मुलांकडे शाळेत पैसे नसतात, म्हणून परवानगी घेऊन आदल्या दिवशी मागणीची चिठ्ठी घरी पाठवा. पुस्तक जितक्यांना हवं तितकंच न्या.

त्या तासात भाषण करू नका, आठ पानी कॉमिक करून घ्या. ए-४ कागद आडवा धरायचा, लांबीत आणि रुंदीत घड्या घालून चार गुणिले दोन असे आठ चौकोन पाडायचे. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधले दोन रकाने कापायचे. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ ही पानं काढा. वरची ओळ काढताना कागदच उलटा फिरवून घ्या आणि डावीकडून २, ३, ४, ५ काढा. मग कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की मधला काप उघडतो, अधिक चिन्हासारखा आकार होतो आणि तो गुंडाळला की पुस्तक. मुलं हमखास कडेपर्यंत कापतात. म्हणून कापायच्या रेघेवर आधी पेनाने खूण करून घ्या. पहिल्या दहा मिनिटांत घड्या, मग एकच विषय: 'दप्तर हरवलं'. चाळीस मिनिटांत साठातली निम्मी मुलं शेवटच्या पानापर्यंत येतात, उरलेली घरी पुरं करतात.

सातारा जिल्ह्यात भिलार विसरू नका. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव २०१७ साली सुरू झालं. घराघरांत पुस्तकं आहेत आणि सुटीत मुलं घेऊन कुटुंबं येतात. तिथे सही-विक्रीपेक्षा वाचन आणि रेखाटन चालतं. दोन्ही जिल्ह्यांच्या ग्रंथोत्सवांचीही चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करून ठेवा. वाचनालयांना विकताना पक्कं बिल लागतं: नाव, किंमत, सवलत, प्रती. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पोस्टर आणि स्टिकरवर तसं नाही, ते एका बिलात मिसळू नका.

कॉमिक कॉन दिल्लीत २०११ साली सुरू झालं. तुम्हाला सोयीचं मुंबईचं आणि पुण्याचं. अर्ज काही महिने आधी करावा लागतो, टेबल क्रमांक मात्र उशिरा कळतो. घोषणेत तो नंतर जोडा. अनोळखी नावाचं मराठी कॉमिक असेल तर शंभर प्रतींच्या वर नेऊ नका. १७ बाय २५ सेंमी, आत १०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा कागद), मुखपृष्ठ २५० जीएसएम अशी ३२ पानी प्रत सुमारे ९० ग्रॅम भरते, म्हणजे शंभर प्रती नऊ किलो, एका माणसाला बसने नेता येतात. पुस्तकं आडवी पसरू नका, स्टँडवर उभी करा. गर्दीतला माणूस दोन फूट लांबून बघतो. किमतीची पाटी मोठी. गर्दीत नेट अडतं, म्हणून यूपीआयचे दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवरचे क्यूआर आणि सुटे पैसे. दोघं जा, नाहीतर जेवायलाही उठता येत नाही.

सहीसाठी पहिल्या पानाचा खालचा अर्धा भाग आधीच कोरा ठेवायला सांगा. लॅमिनेट केलेल्या मुखपृष्ठावर पेन उठतच नाही आणि आर्ट पेपरवर (गुळगुळीत, चकचकीत कागदावर) जेल पेनची शाई पुसली जाते. तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्कर वापरा. हाच मार्कर मॅपलिथोवर मागच्या पानात उतरतो, तिथे साधा बॉलपेन बरा. नाव चिठ्ठीवर लिहून मागा. 'वैष्णवी'त चूक झाली तर ती प्रत तुमच्याच घरी येते.

प्रकाशक तुम्ही स्वतः असाल तर ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक, स्वखर्चाने पाठवावी लागते. त्या चार प्रती विक्रीच्या गठ्ठ्यातून पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि पोस्टाच्या पावत्या फाइलला लावा.