गॅस्ट्रिन वाढलं म्हणून नमुने टाकू नकोस

बाळ,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. जेवणाआधी ॲट्रोपिन हे औषध देऊनही गॅस्ट्रिन (जठरातलं आम्ल वाढवणारं हार्मोन) उतरायचं सोडून चढलं, म्हणून रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं तू लिहिलं आहेस. नमुने टाकू नकोस. माणसात असंच होतं.

व्हेगस (मेंदूतून जठराकडे येणारी नस) म्हणजे ॲसिटिलकोलीन (ॲट्रोपिन ज्याला अडवतं तो नसेचा रासायनिक निरोप्या) हे समीकरण आपल्या डोक्यात फार पक्कं बसलेलं असतं. जठराच्या खालच्या भागातल्या, गॅस्ट्रिन सोडणाऱ्या जी-पेशींपाशी मात्र व्हेगसचा निरोप पोचवतं ते गॅस्ट्रिन-रिलीझिंग पेप्टाइड, आणि ॲट्रोपिन त्याला अडवू शकत नाही. शिवाय या औषधानं आम्ल घटतं. एरवी आम्ल वाढलं की डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून गॅस्ट्रिनला लगाम घालतात. आम्लच नसेल तर लगाम सैल पडतो. व्हेगस कापल्यावरही गॅस्ट्रिन वाढतं, आम्ल घटवणाऱ्या ओमेप्राझोलनंही वाढतं. म्हणून प्रत्येकाला आधी विचार, ॲसिडिटीची गोळी चालू आहे का? या एका प्रश्नाअभावी माझे कित्येक महिने वाया गेले आहेत.

औषध खरंच लागू पडलं का, याची खात्री त्याच रक्तातून होईल. पॅन्क्रिॲटिक पॉलिपेप्टाइड हे स्वादुपिंडाचं हार्मोन मोज. जेवणानंतरची त्याची उसळी व्हेगसच्या कोलिनर्जिक, म्हणजे ॲसिटिलकोलीनच्या, वाटेवर इतकी अवलंबून असते, की ॲट्रोपिननं ती जवळपास सपाट होते. गॅस्ट्रिन वर आणि हे खाली, असं दिसलं तर तुझं काम चोख आहे.

कोलेसिस्टोकायनिन या आतड्याच्या हार्मोनबद्दल घाई नको. ॲट्रोपिननं जठर सावकाश रिकामं होतं, मग चरबी आणि प्रथिनं आतड्यात उशिरा पोचतात आणि हार्मोनही उशिरा चढतं. तो परिणाम नसेचा की नुसत्या उशिराचा, हे जेवण तोंडानं देऊन कळणार नाही. एका नळीतून अन्न थेट लहान आतड्यात, ठरलेल्या वेगानं सोडावं लागेल.

1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी हाच पेच सोडवला होता. आतड्याच्या एका वेटोळ्याच्या नसा तोडून त्यांनी आत आम्ल घातलं, तरी स्वादुपिंड स्रवलं. सिक्रेटिन हे हार्मोन सापडलं ते असं. नसा तोडूनही जे उरतं ते पाहण्याची ही रीत मला आजही फार सुंदर वाटते.

जठराचा पीएच मोजला होतास का, ते पत्रात नाही. असेल तर प्रत्येक नमुन्याच्या वेळेसकट पाठव.

तुझा,
सर