वाचकांचे प्रश्न : ईम गावचा प्लेग आणि चर्चमधली दफनाची वही

मुलगा शेफिल्डला शिकतो, त्याच्याकडे जाणार आहोत. प्लेगचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेलं ‘एयाम’ एका दिवसात बघायचं तर क्रम कसा ठेवावा? (एक वाचिका, कोल्हापूर)

आधी उच्चार. स्पेलिंग काहीही सुचवो, गावाचं नाव ‘ईम’. बसवाल्याला ‘एयाम’ म्हटलंत तर तो नुसता बघत राहील. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातलं हे गाव शेफिल्डपासून साधारण २० किलोमीटरवर आहे. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये त्याने स्वतःला कोंडून घेतलं, म्हणून ते प्रसिद्ध. आगगाडीने जायचं तर ग्रिंडलफर्ड स्थानकावर उतरावं लागतं आणि पुढे चढाची चाल आहे. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर बस बरी.

सुरुवात सेंट लॉरेन्स चर्चपासून करा. आवारातला कोरीव दगडी क्रूस आठव्या शतकातला मानतात, म्हणजे प्लेगहून जवळजवळ नऊशे वर्षं जुना. त्याच्या खांबाचा वरचा तुकडा गायब आहे, म्हणून तो बुटका आणि बेडौल दिसतो. जवळच कॅथरिन माँपेसन हिची कबर आहे. धर्मगुरू विल्यम माँपेसन यांची ही पत्नी २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. दक्षिणेच्या भिंतीवरचं १७७५ चं सूर्यघड्याळ बहुतेक लोक बघतच नाहीत. दूरदेशीच्या काही शहरांत भरदुपार कधी होते तेही त्यावर कोरलं आहे, पण वाचायचं तर ऊन हवं.

चर्चला लागूनच ‘प्लेगची घरं’ आहेत. त्यांत आजही लोक राहतात, तेव्हा पाटी वाचा आणि पुढे चला. खिडकीतून डोकावू नका. नंतर स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा सीमेचा दगड आणि गावाच्या पूर्वेला रायली इथल्या कबरी. हॅनकॉक कुटुंबातला बाप आणि सहा मुलं ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठवड्यात गेली आणि आईने एकटीने ती पुरली. माँपेसनची विहीर उत्तरेला टेकडीवर आहे. पाय दुखत असतील तर ती सोडली तरी चालेल, बघायला फारसं काही नाही. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, वेळ आधी पाहून घ्या. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गेलात तर ककलेट डेल्फ नावाच्या घळीत स्मरणाची प्रार्थना असते. त्या दिवशी गर्दीही असते.

दफनाच्या नोंदींची यादी वाचली. पहिला मृत्यू सप्टेंबर १६६५ चा, पण पुढे काही ठिकाणी ‘जानेवारी १६६५’ दिसतो. साथ आधीच सुरू होती का? (एक वाचक, नाशिक)

नाही. तो जानेवारी आपल्या हिशेबाने १६६६ चा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे डिसेंबर १६६५ नंतर जानेवारी १६६५ येतो, फेब्रुवारी १६६५ येतो आणि २५ मार्चला १६६६ लागतं. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख दिसली की ‘१६६५/६६’ अशी दोन्ही सालं लिहून ठेवायची. एकच साल लिहिलं की पुढे कोणीतरी ते पुन्हा ‘दुरुस्त’ करतं आणि वर्षभराची चूक पक्की होते. शिवाय दिनदर्शिका जुनी, आपल्यापेक्षा तेव्हा १० दिवस मागे. ७ सप्टेंबर १६६५ म्हणजे आपला १७ सप्टेंबर. शिवकाळ अभ्यासणाऱ्यांना हा घोळ नवा नाही: सुरतेच्या इंग्रज वखारीची जानेवारी १६६४ मधली पत्रंही जुन्या हिशेबाने १६६३ ची ठरतात.

अशा वह्या वाचताना आणखी काही गोष्टी ध्यानात असू द्या. ही वही पॅरिशची असते; पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. नोंद दफनाच्या तारखेची असते, मृत्यूच्या नाही. सतराव्या शतकात वय सहसा देत नाहीत, ‘अमक्याचा मुलगा’, ‘तमक्याची बायको’ एवढंच. एकाच नावाचे बाप, लेक आणि पुतण्या असले की इथेच माणसं एकमेकांत मिसळतात. वयाचा रकाना १८१३ पासूनच्या छापील वह्यांत येतो. नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे जाई आणि डर्बीशायर तेव्हा लिचफिल्डच्या बिशपच्या ताब्यात होतं. मूळ वही आणि नक्कल जुळत नसेल तर दोन्ही टिपून ठेवा. जुन्या वह्या आता चर्चच्या कपाटात नसून जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात असतात; डर्बीशायरचा दफ्तरखाना मॅटलॉकला आहे.

साऱ्या गावाने स्वतःला कोंडून घेतलं आणि चारांतले तीन मेले, हे खरं का? (एक वाचक, पुणे)

कोंडून घेतलं, हे मोठ्या अंशी खरं. चारांतले तीन, हे बहुधा खरं नाही.

मृतांचा आकडा त्यातल्या त्यात भक्कम आहे. २० नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात माँपेसन स्वतः लिहितात की ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसं गेली. दफनाच्या नोंदीही त्याच्याच आसपास, म्हणून ‘२६०’ रूढ झाला. गडबड आहे ती लोकसंख्येच्या आकड्यात. ३५० पैकी २६० म्हटलं की चारांतले तीन होतात. पण त्या काळी दर चुलीमागे कर होता आणि त्याच्या याद्यांतली घरं मोजली तर वस्ती बरीच मोठी, ७०० ते ८०० पर्यंत दिसते. म्हणजे प्रमाण तिघांत एक. तेही भयंकरच, त्याला फुगवायची गरज नाही.

निर्णय झाला तो जून १६६६ मध्ये, साथ सुरू होऊन नऊ महिन्यांनी. मे महिन्यात मृत्यू इतके उतरले होते की संकट टळलं असं वाटावं. जूनमध्ये ते पुन्हा चढले तेव्हा तीन गोष्टी ठरल्या: ज्याने त्याने आपलं माणूस आपल्याच परसात किंवा शेतात पुरायचं, चर्च बंद करून प्रार्थना ककलेट डेल्फच्या उघड्यावर घ्यायची, आणि ठरलेल्या हद्दीबाहेर कोणी जायचं नाही. त्यामुळे वहीत ‘दफन’ दिसलं म्हणून ते चर्चच्या आवारात झालं असं धरू नका. ऑगस्टमध्ये मृत्यूंचा कळस झाला. शेवटचा १ नोव्हेंबरला.

गोष्टीत एकट्या माँपेसनना श्रेय मिळतं. ते १६६४ मध्ये आलेले, विशीतले, गावाला उपरे. लोकांचा जीव होता आधीच्या टॉमस स्टॅन्ली यांच्यावर. ते प्युरिटन, म्हणजे राजमान्य चर्चचे विधी न मानणाऱ्या पंथाचे, १६६२ च्या कायद्यामुळे चर्चबाहेर गेलेले. दोघं एकत्र उभे राहिले म्हणून लोकांनी ऐकलं. चॅट्सवर्थच्या वाड्यातल्या सरदाराने, अर्ल ऑफ डेव्हनशायरने, शिधा पाठवला, हेही विसरू नये. पोटाला नसतं तर हद्द टिकली नसती. आणि ‘सारं गाव’ म्हणताना थोडं जपून: ऐपतदार मंडळी आधीच निघून गेली होती, माँपेसननीही आपली दोन मुलं बाहेर पाठवली होती.

कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग कसा येईल? आणि नाणी व्हिनेगरमध्ये ठेवल्याचा उपयोग झाला का? (एक वाचिका, ठाणे)

लंडनहून शिंप्याकडे आलेलं कापड ओलसर होतं. त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स याने ते विस्तवापुढे वाळत घातलं, असं सांगतात. ७ सप्टेंबरला तो पुरला गेला, २२ तारखेला त्याच घरातला लहान एडवर्ड कूपर. गठ्ठ्यात उंदरांवरच्या, प्लेग पसरवणाऱ्या पिसवा असू शकतात. पिसवांचा हा भाग पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिला, तोही मुंबई-कराचीच्या साथीत काम करताना. मात्र सगळा दोष उंदरांवर टाकता येत नाही. ईमच्या नोंदींवरून २०१६ मध्ये गणित मांडलं गेलं, त्यात सुमारे तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाल्याचं निघालं. एकाच घरातल्या ओळीने आलेल्या नोंदी पाहिल्या की ते पटतं.

सीमेच्या दगडाला सहा भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकायची, बाहेरच्यांनी माल ठेवून पैसे उचलायचे. माँपेसनच्या विहिरीवर वाहत्या पाण्यात तेच. नाण्यावर पिसू राहत नाही, तेव्हा व्हिनेगरने फार काही साधलं नसावं. देणारा आणि घेणारा समोरासमोर आले नाहीत, फायदा झाला तो त्याचा.

बालवाडीतलं ‘रिंगा रिंगा रोझेस’ याच प्लेगवर आहे ना? (एक शिक्षिका, सातारा)

नाही. ते इंग्रजीत छापलेलं मिळतं एकोणिसाव्या शतकापासून आणि प्लेगशी त्याचा संबंध विसाव्या शतकात जोडला गेला. इंग्रजी गाण्यात शिंकण्याचा आवाज येतो, त्यावरून हा तर्क; पण शिंका हे गाठीच्या प्लेगचं ठळक लक्षणही नव्हे. मुलांना खुशाल म्हणू द्या.